धरणाच्या तळाशी दोन ठोके

दोन वर्षं मी देवाशी बोलत नव्हतो. हे असं सरळ लिहायला आजही जड जातं, कारण आमचं घर रिद्धपूरजवळच्या खेड्यातलं, पिढ्यान्‌पिढ्या महानुभाव. पहाटे उठून हातात गाठी, म्हणजे आमची जपाची माळ, घेऊन स्मरण करायचं आणि मगच चहाला हात लावायचा, ही माझ्या आईची शिस्त. मी समुद्रावर कामाला लागलो तेव्हाही ती फोनवर पगार विचारायची नाही, आधी विचारायची, ‘‘स्मरण झालं का?’’ दोन वर्षं मी तिला ‘‘हो झालं’’ असं खोटं सांगत होतो. आईला ते कळत होतं. ती ‘‘बरं’’ म्हणून फोन ठेवायची, आणि त्या ‘‘बरं’’नं मी दिवसभर चिडलेला असायचो.

मी पाणबुड्या आहे. हल्ली सगळे डायव्हर म्हणतात. वऱ्हाडात समुद्र कुठून आला, असं लोक हसून विचारतात. समुद्र नाही, पण विहिरी आहेत ना! शेंदूरजनाघाटकडे मामाच्या संत्र्याच्या बागा होत्या. तिथल्या विहिरीत बादली पडली, पंप पडला, कोणाची विळी पडली, की मला हाक यायची. मी दम धरून तळाला जायचो आणि वस्तू घेऊनच वर यायचो. रिकाम्या हातानं वर येणं मला लहानपणापासून खपत नाही. हा हट्ट पुढे पोटापाण्याला आला. शिकलो, परवाना काढला, किनाऱ्यावर आणि भर समुद्रात दहा वर्षं काम केलं.

आणि मग एक मालवाहू बोट बुडाली. आम्ही तिच्यापर्यंत पोचलो तेव्हा हवामान बिघडत चाललं होतं. मी पत्र्यावर हातोडीनं तीन ठोके मारले. आमच्या कामात अशीच पद्धत: तीन ठोके मारायचे, थांबायचं, ऐकायचं. उत्तर आलं नाही. वरून हुकूम झाला, वर या. मी वर आलो. तिसऱ्या दिवशी समुद्र शांत झाल्यावर पुन्हा उतरलो, तर स्वयंपाकघराच्या दाराशी त्या बोटीचा आचारी होता आणि त्याच्या मुठीत लोखंडी पळी होती. तो मी असताना जिवंत होता की आधीच गेला होता, हे मला कोणीही सांगू शकलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, ‘‘मनाला लावून घेऊ नका.’’ लावून कसं घेणार नाही? ठोकायचं नसेल तर मरणारा माणूस हातात पळी कशाला घेईल? त्या दिवसापासून गाठी पेटीच्या तळाशी गेली. मी देवाला शिव्या दिल्या नाहीत, नुसता अबोला धरला. समुद्र सोडला आणि धरणांच्या दरवाज्यांची दुरुस्ती करणाऱ्या एका टोळीत आलो. दरवाज्यात कोणी अडकत नाही, एवढाच त्यामागे विचार.

गेल्या वैशाखात आमचं काम बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका धरणावर चाललं होतं. सकाळी फोन आला, की अमरावती जिल्ह्यातल्या एका जलाशयात गाळ काढणारी लोखंडी बार्ज, म्हणजे सपाट तळाची बोट, आदल्या संध्याकाळच्या वावधनात, वादळी वाऱ्यात, उलटली आणि बुडाली. तिघं होते. दोघं पोहून काठाला लागले, तिसरा यंत्रखोलीत होता. आमचे सुपरवायझर पिल्लेसाहेब केरळचे, बोलायला कमी आणि कामाला चोख. त्यांनी ट्रकवर कॉम्प्रेसर, नळ्या आणि चेंबर चढवायला सांगितलं. चेंबर म्हणजे लोखंडाची बंद टाकी. खोल पाण्यात बराच वेळ राहिलेला माणूस एकदम वर आला की त्याचं रक्त बिघडतं, म्हणून त्याला त्यात ठेवून दाब हळूहळू उतरवतात. चेंबर चढताना पाहून मला ती मालवाहू बोट आठवली. मी साहेबांना म्हटलं, ‘‘मला नका उतरवू.’’ साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, ‘‘दूसरा कौन अंधेरे में काम करता है तेरे जैसा?’’ झालं, बोलणं संपलं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन रणरणत होतं. तिथल्या मासेमारांनी, ढीवरांनी, गळ टाकून बार्ज शोधून ठेवली होती, चौदा मीटर पाण्यात, पालथी. दुपारी बारा वाजता मी उतरलो. गाळ काढण्याचीच जागा ती, पाणी म्हणजे नुसता काला. दिवा लावला तरी स्वतःचा पंजा दिसेना. हातानं चाचपत पालथ्या तळावर चढलो, तीन ठोके मारले, थांबलो. पुढच्या टोकाला तीन, मागच्या टोकाला तीन. काही नाही. अठरा-एकोणीस तास झाले होते. मी वर आलो आणि साहेबांना मान हलवून सांगितलं. काठावरच्या साहेबलोकांनी लगेच ठरवलं, की चार वाजता क्रेनला तार बांधून बार्ज ओढायची, म्हणजे निदान देह तरी हाती लागेल.

मी पायऱ्यांवर बसून हेल्मेट बाजूला ठेवलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणालो, ‘‘काय गढूळ हाये बाप्पा पानी, काईच दिसून नाई राह्यलं.’’ तेवढ्यावर दोरीपलीकडच्या गर्दीतून एक बाई पोलिसाचा हात झटकून सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. पन्नाशीची, काटक, पायात चप्पल नाही. आमच्या टोळीत सगळे हिंदी बोलणारे. सकाळपासून ती प्रत्येकाला काही सांगू पाहत होती आणि प्रत्येक जण तिला ‘‘पीछे हो जाओ’’ म्हणत होता.

‘‘भाऊ, तुमी आपल्याकडचे हाये का?’’

मी हो म्हटलं.

‘‘मंग आयका. खाली हाये तो माहा लहाना भाऊ, विलास. मी शीला, पातूरकडची. अंगणवाडीत हावो. तुमी ठोकून पायलं का?’’

‘‘पायलं ताई. जवाब नाई आला.’’

‘‘किती ठोके मारले?’’

‘‘तीन.’’

त्या बाईनं असा कपाळावर हात मारला की शेजारचा पोलीस दचकला. ‘‘अरे माय! तीन कावून मारले बाप्पा? तीन म्हंजे सुरुंग!’’

मला काही समजलं नाही. तेव्हा ती भराभरा सांगू लागली, आणि सांगता सांगता ‘तुमी’चं ‘तू’ झालं. त्यांचा बाप विहिरी खोदायचा. ही दोघं भावंडं लहानपणापासून त्याच्या हाताखाली. बाप खाली, पोरं वर. विलास मोठा झाल्यावर विलास खाली. चाळीस हात खोलीवर हाक पोचते पण शब्द फुटतात, म्हणून त्यांच्या बापानं रीत घातली होती. लोखंडी पहार आपटायची. वरून दोन ठोके, म्हणजे ठीक हायेस का? खालून दोन, म्हणजे ठीक हावो. आणि तीन आले, की जवळपास सुरुंग पेटवला आहे; बोलायचं नाही, हालायचं नाही, कपारीत दबून कानात बोटं घालून बसायचं. ‘‘बापानं त्यासाठी मारलं हाये त्याले. एकदा तीनवर आवाज देला होता त्यानं, तं लय मारलं. तो नाई देत आता आवाज. तू तीन मारशीन तं तो दिवसभर चूप बसन. दोन मार भाऊ, दोन!’’

खरं सांगतो, माझ्या डोळ्यांसमोर त्या क्षणी ती पळी आली. बाईचं बोलणं दुःखानं फिरलेल्या डोक्यातलं असू शकलं असतं. एकोणीस तास अंधारात बसलेला माणूस ठोके मोजत बसतो का? पण मला तिचे डोळे दिसत होते. त्यांत रडणं नव्हतं, नुसता राग होता, काम चुकवलेल्या माणसावर येतो तसा. मी उठून पिल्लेसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, बार्जवर तीन ठिकाणी ठोकलं आहेस, उत्तर नाही. मी म्हटलं, ओढली तर कलेल, आणि कलली तर आत हवा असेल ती सगळी एका क्षणात बाहेर. ते म्हणाले, वरचे लोक ऐकणार नाहीत. मी म्हटलं, ‘‘मग त्यांना सांगा, तार बांधायची असेल तर मला बांधून बांधा. मी खाली जाऊन बसतो आहे.’’ एवढं उर्मट मी साहेबांशी कधी बोललो नव्हतो. त्यांनी घड्याळ पाहिलं. ‘‘पंद्रह मिनट. उसके बाद ऊपर.’’

मी हेल्मेट चढवत असताना शीलाताई पुन्हा पुढे आली. ‘‘त्याले सांगजो, शीला वर उभी हाये. मुकाट्यानं ये म्हना. नाई आला तं मलेच उडी मारा लागन, आन मले पोहता येत नाई.’’

दुसऱ्यांदा उतरलो. मागच्या टोकाला दोन ठोके मारले, श्वास रोखून ऐकलं. हेल्मेटमध्ये हवेचा इतका खळखळाट असतो, की श्वास रोखल्याशिवाय काही ऐकूच येत नाही, आणि रोखून रोखून किती रोखणार. काही नाही. मधे आलो, दोन. काही नाही. पुढे गेलो, दोन. पंधरा मिनिटं कशी गेली कळलं नाही. हेल्मेटमधल्या फोनवर साहेबांचा आवाज आला, ‘‘बस हो गया, ऊपर आ.’’ मी म्हटलं, अजून पाच मिनिटं. ते म्हणाले, नाही. वळलो, आणि वळताना नळी अडकली.

हवेची नळी अडकणं आमच्या धंद्यात नवलाईचं नाही, पण घाबरवणारं नक्कीच आहे. लोंबणाऱ्या साखळीत कुठेतरी तिनं वेढा घेतला होता. ओढू नको, जागचा हलू नको, दुसरा डायव्हर सोडवायला येतो आहे, असं साहेबांनी बजावलं. मग काय, मी चडफडत पत्र्यावर आडवा झालो. त्या वेळी माझ्या तोंडून काय काय निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा मी देवाशी बोललो, ते भांडायला. म्हटलं, स्वामी, मागच्या वेळी वर बोलावलंत, या वेळी खाली बांधून ठेवता? एक काहीतरी ठरवा की! मला वर जाऊ द्यायचं नसेल तर निदान कारण तरी सांगा. आणि मग बोलून बोलून दमलो. हलायचं नव्हतं, काम नव्हतं, हट्ट करायलाही काही उरलं नव्हतं. हेल्मेट आपोआप पत्र्याला टेकलं, हातातली हातोडी दोनदा सहज आपटली गेली, आणि मी श्वास धरला.

टक. टक.

ते कानानं ऐकलं असं म्हणता येणार नाही. पत्र्यातून हेल्मेटमध्ये आणि हेल्मेटमधून दातांत आलं. मी पुन्हा दोन मारले. पुन्हा आले दोन, सावकाश, दमलेल्या हाताचे. मी ओरडलो, ‘‘साहब, सुनो, कुछ मत बोलो, सुनो!’’ आणि हेल्मेट पत्र्याला दाबून धरून दोन ठोके मारले. फोनवर वरचा सगळा गलका बंद झाला होता. टक. टक. मग पिल्लेसाहेबांचा आवाज आला. ‘‘मैंने सुना. मैंने भी सुना.’’ नंतर कळलं, की साहेबांनी तो फोन सरळ शीलाताईच्या कानाला लावला होता.

दुसऱ्या डायव्हरनं माझी नळी सोडवली, आणि मी त्याला जास्तीची एक नळी, मुखवट्यासकट, खाली आणायला सांगितलं. मी मात्र वर गेलो नाही. बार्ज पालथी, म्हणजे यंत्रखोलीचं झाकण खाली, गाळाकडे. एका बाजूला केबिन टेकल्यामुळे तिथे माणूस सरपटेल एवढी फट होती, तीही गाळानं भरलेली. मी हातांनी गाळ उपसायला लागलो. उपसावा तेवढा पुन्हा आत येई. नखं गेली, मनगट सोललं. पण आता मला कोणी वर बोलावलं असतं तरी मी ऐकणार नव्हतो, आणि साहेबांना ते ठाऊक असावं, कारण त्यांनी एकदाही बोलावलं नाही. दर थोड्या वेळानं मी थांबून दोन ठोके मारायचो. उत्तर यायचं, पण दर वेळी उशिरा आणि हलकं. आतली हवा खराब होत चालली होती. किती हलकं ते ऐकून मी आणखी जोरात उपसायचो.

झाकण उघडलं आणि मी डोक्यावरच्या काळोखात हळूहळू वर गेलो. डिझेलचा तवंग फुटला. दिव्याच्या उजेडात उलटं झालेलं इंजिन दिसलं, आणि त्याच्या बाजूला एका पाइपावर पाय दुमडून बसलेला एक मध्यम वयाचा माणूस. कमरेपर्यंत पाण्यात, धापा टाकत. एका हातात पाना होता आणि दुसऱ्या हाताचं बोट अजूनही कानात होतं. माझा उजेड डोळ्यांवर पडला तसे त्यानं ते मिटले आणि खोल गेलेल्या आवाजात विचारलं, ‘‘सुरुंग उडला का?’’

मी हसलो. हेल्मेटच्या आत एकाच वेळी हसत होतो आणि रडत होतो. ‘‘उडला, भाऊ,’’ मी ओरडलो, ‘‘आता चाला.’’

पण चालायला तो तयार होईना. दुसऱ्या डायव्हरनं आणलेला मुखवटा त्याला चढवला, हवा सुरू केली, चांगल्या हवेनं त्याला तरतरी आली. पण पाण्यात डोकं घालायचं म्हटलं की तो पाइपाला मिठी मारी. त्याचंही बरोबरच होतं. जिनं इतके तास जगवलं ती जागा सोडून काळ्या पाण्यात खाली जायचं, वर जाण्यासाठी आधी खाली, हे कोणाला पटेल? मी समजावलं, दटावलं, हात धरला. शेवटी आठवण झाली. त्याच्या कानाशी हेल्मेट नेऊन म्हटलं, ‘‘शीलाताई वर उभी हाये. म्हंते, मुकाट्यानं ये, नाई तं मी उडी मारतो.’’ मुखवट्याच्या काचेआड त्याचे डोळे एकदम मोठे झाले. ‘‘तिले पोहता नाई येत!’’ असं काहीसं तो म्हणाला आणि त्यानं पाइप सोडला.

बाकीचं आमच्या रोजच्या कामातलं आहे. दोघांनी त्याला मधे धरून फटीतून काढलं, वाटेत दोनदा थांबत हळूहळू वर आणलं, काठावर क्षणभरही न थांबता सरळ चेंबरमध्ये घातलं. शीलाताईला तो तेव्हा पळभर दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी चेंबर उघडलं आणि विलास स्वतःच्या पायांनी बाहेर आला. शीलाताईनं आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग त्याला छातीशी धरलं, आणि मग ती रडली. अशी रडली की पिल्लेसाहेबांनी टोपी काढून तोंड दुसरीकडे फिरवलं.

मी तिला म्हटलं, ‘‘ताई, देवानंच नळी अडकवली बघा. नाहीतर मी वर आलो असतो.’’ पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, ‘‘देवाचं मले नोको सांगू भाऊ. आमच्या घरी बुद्ध हाये, तो कोनाची नळी अडकवत नाई. तू खाली गेला, म्हनून माहा भाऊ निंगाला. आन मी तुह्या मांगं लागली, म्हनून तू गेला.’’ तिचं खरं होतं. माझंही खोटं नव्हतं. नळ्या रोज अडकतात, हे माझ्याहून जास्त कोणाला माहीत असणार? मी कोणाला काही पटवायला हे लिहीत नाही.

मला एवढंच कळलं, की देवाला शरण जाणं म्हणजे हात टेकणं, असं मी समजत होतो. हात टेकायचे नसतात. नखं जाईपर्यंत उपसायचं असतं. शरण जायचं म्हणजे आपले ठोके सोडायचे. माझी पद्धत, माझे तीन, माझी शिकवण, हे सगळं एका अनवाणी बाईच्या सांगण्यावर सोडून द्यायचं आणि तिचे दोन मारायचे. समुद्रातल्या त्या आचाऱ्याचं उत्तर मला मिळालेलं नाही, मिळणारही नाही. पण त्याच्यासाठी मी आता रोज पहाटे स्मरण करतो. आईला खोटं सांगावं लागत नाही.

त्या सकाळी भाऊ-बहीण गाडीकडे निघाले तेव्हा त्या ओल्या चिखलात मी आडवा होऊन दंडवत घातला. शीलाताई ओरडली, ‘‘अरे बाप्पा, हे काय करून राह्यला? ऊठ!’’ विलास माझा दंड धरून मला उठवू लागला, पण त्याच्या हातात अजून जोर नव्हता, म्हणून माझ्यासोबत तोही खाली बसला. तो दंडवत कोणाला होता, हे मला विचारू नका. माझ्यासमोर एक बाई होती, तिचा जिता भाऊ होता, आणि मी बराच वेळ उठलो नाही.